खिडकीतून वर

टेप तीनदा लावली. तीनदा तेच.
जिन्याचं वळण सत्तर, मशीन त्र्याहत्तर.
गेथिन म्हणाला, तीन सेंटिमीटर म्हणजे काय गं डेलिथ,
श्वास रोखला तर जाईल.
कुणी रोखायचा? मशीननं, की जिन्यानं?
मी विचारलं नाही. त्याचा वाद टेपशी चालला होता.

पोर्थकॉलच्या किनाऱ्यावरचा खेळांचा हॉल मार्चमध्ये बंद झाला.
मालकीणबाईंनी नोटा मोजल्या, म्हणाल्या,
उचला आणि निघा, मला रडायला वेळ नाही.
उसन्या व्हॅनमध्ये ते आडवं, जुन्या गादीत गुंडाळलेलं,
दरीतल्या रस्त्याच्या प्रत्येक वळणाला
आत काहीतरी खुळखुळायचं.
स्क्रू असेल. किंवा कुणा पोराचं अडकलेलं नाणं.

खालीच ठेव ना, मी म्हटलं.
पण खाली त्याची आई झोपते
ऑक्सिजनच्या यंत्राशेजारी,
आणि एका खोलीत दोन यंत्रं
एकमेकांची झोप मोडतील.

मग वरची खोली. वरच्या खोलीत कपाट.
कपाट बाहेर काढलं,
ते जिन्याच्या वळणावर गेलं आणि बसलं.
ना खाली, ना वर.
हत्ती जाऊन शेपूट राहतं म्हणतात,
आमच्याकडे शेपूटच आधी अडकलं.

शेवटी खिडकी.
चौकट उचकटली, काच शेजारच्या प्रॉसरबाईंच्या पलंगाखाली ठेवली,
यिएवाननं चॅपेलच्या छपराचे दोर आणले,
आणि अख्खी उतरती गल्ली चहाचे मग घेऊन
दारादारांत उभी राहिली.

सासूबाईंना सांगायला गेले.
त्यांनी नाकावरची नळी जरा सरकवली.
त्याच खिडकीतून?
तिच्यातूनच ना आम्ही ह्याच्या बापाला उतरवलं.
पेटी वळणावर बसेना. सहा माणसं होती, खाणीतली.
थोडं थांबून म्हणाल्या,
डावीकडची गाठ नीट बघा. तेव्हा ती सरकली होती.

मी बाहेर येऊन डावीकडची गाठ बघितली.
सरकत होती.
गेथिनला का, ते सांगितलं नाही. फक्त म्हटलं, परत बांध.

मग ते उचललं गेलं,
दीडशे किलो फळी, काच, तारा,
बाजूला रंगवलेला तो हिरवा राक्षस तोंड वर करून,
विटांच्या भिंतीवरून हळूहळू,
जणू भिंतच त्याला गिळत वर नेत होती.
कुणी बोललं नाही. प्रॉसरबाईंचा कुत्रा बोलला.
आणि खिडकीनं, जिनं आजवर फक्त खाली सोडलं होतं,
एक वस्तू आत घेतली.

प्लग लावला. आधी काहीच नाही.
गेथिननं कुशीवर थोपटलं, बाळाला ढेकर काढतात तसं,
आणि खोली निळी झाली.
चौदाव्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याचा आकडा सगळ्यात वर होता,
पाऊस लागला म्हणून आठ दिवस आतच,
खिशातले सगळे पैसे एका नावापायी.
नाव म्हणजे तीन अक्षरं.
आता यादीत कारखान्यानं भरलेले आकडे.
वीज गेली की ते सगळं विसरतं,
म्हणाला. मला वाटलं होतं… म्हणाला.
पुढे नाही म्हणाला.

आजची दहा पेन्स आतून तशीच घरंगळून खाली पडतात.
भोक जुन्या, मोठ्या नाण्याचं.
सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात तसली अकरा निघाली,
बटणांत मिसळलेली,
त्यांनी मोजून दिली आणि मोजून परत मागितली.

रात्री दोनला मला जाग आली.
तो झोपलेला, पाठ माझ्याकडे.
मी अनवाणी, गाऊनवर त्याचा स्वेटर,
एक नाणं टाकलं.
चाळीस सेकंदांत मेले. पुन्हा टाकलं.
एकवीस सेकंद.
पाठीमागून आवाज आला,
डावीकडून येतो तो नेहमी. डावीकडे बघ.

खिडकीला अजून प्लास्टिकच आहे, वाऱ्यानं फुगतं, बसतं.
आमचे कपडे खोक्यांत.
आणि कपाट तिथेच, वळणावर,
आम्ही रोज झोपायला त्याच्यावरून चढून जातो.